दुबईत आपला रुपया चालायचा: गल्फच्या घरखर्चाचा इतिहास

राळेगावहून बोलतोय. मागच्या भागानंतर आपल्याच तालुक्यातल्या एका श्रोत्याचा मेसेज आला: "भाऊ, दुबईत ४००० दिरहमची ऑफर आली. बायको अन् पोरगी सोबत नेता येते का?" रत्नागिरी-रायगडकडच्या कित्येक गावांत हा प्रश्न मेसेजवर विचारायची वेळच येत नाही. तिथं शेजारच्या घरातच कोणी तरी कुवेत नाही तर कतार करून आलेलं असतं. आपल्याकडे कापसाच्या भावावर रात्रभर बोलणारे भेटतील, पण दिरहमचा हिशोब सांगणारा काका सापडणं कठीण. म्हणून आजचा भाग.

सुरुवात थोडी मागून करू. १९६६ पर्यंत दुबईत चक्क रुपया चालायचा. आपलाच. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, ओमान, सगळीकडे बाजारात भारतीय नोटा होत्या, इंग्रजांच्या काळापासून. अडचण केली सोन्याने. लोक इथले रुपये तिकडे न्यायचे, सोनं घ्यायचे आणि चोरून भारतात आणायचे. ते रुपये फिरून रिझर्व्ह बँकेकडे यायचे आणि बँकेला त्या बदल्यात पौंड मोजावे लागायचे. म्हणून १९५९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून खास आखाती देशांसाठी वेगळ्या नोटा छापल्या. रंग वेगळा, नंबरच्या आधी 'झेड' अक्षर, आणि भारतात त्या चालणार नाहीत. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन आणि टेस्टिंगचे सर्व्हर वेगळे केले.

मग आला ६ जून १९६६. भारताने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलरला ४.७६ रुपये होते, ते एका झटक्यात ७.५० झाले. ज्यांच्या तिजोरीत रुपये होते त्या आखाती राज्यांनी काय म्हटलं असेल, विचार करा. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये आधीच स्वतःचा दिनार काढला होता. आता कतार आणि दुबईने मिळून स्वतःचा रियाल आणला, त्याची किंमत जुन्या रुपयाएवढी ठेवली. ओमानने मात्र १९७० पर्यंत रुपया चालवला. पुढे १९७३ मध्ये अमिरातींचा दिरहम आला, तो त्या रियालच्या जागी एकास एक.

आता यातली खरी गोष्ट बघा. काल १०० रुपये कमावणारा माणूस आज १०० रियाल कमावतोय. तिथं भाजी, भाडं, चहा सगळं तेवढंच. पण तेच १०० घरी पाठवले तर भारतात १५७ रुपये होतात! इथून पुढे गल्फचा घरखर्च दोन चलनांत मोजायची सवय लागली. मला तरी सगळ्या विषयाची किल्ली हीच वाटते. कुटुंब इकडे असेल तर रुपया घसरला की तुमचा पगार वाढतो. कुटुंब तिकडे असेल तर काहीच वाढत नाही. १९९१ च्या जुलैमध्ये पुन्हा अवमूल्यन झालं तेव्हाही हेच. रुपया जितका खाली, तितकी बायकापोरं सोबत ठेवणं महाग.

म्हणून गल्फमध्ये 'बॅचलर' हा शब्द भलत्याच अर्थाने वापरतात. लग्न होऊन दोन पोरं असलेला माणूसही तिथं बॅचलर, कारण तो एकटा राहतो. तो घर घेत नाही, 'बेड स्पेस' घेतो, म्हणजे एका खोलीतली एक खाट. सत्तर-ऐंशीच्या दशकात असे बॅचलर आवाज कॅसेटवर रेकॉर्ड करायचे आणि गावाकडे जाणाऱ्या माणसाच्या हाती पाठवायचे. आपल्या व्हॉइस नोटचे आजोबाच ते. (आणि गंमत म्हणजे अमिरातीत व्हॉट्सअॅपवर नोट जाते, पण कॉल लागत नाही.)

तिकडेच संसार मांडला त्यांची दुसरी बाजू १९९० ला दिसली. इराक कुवेतमध्ये घुसला आणि तिथल्या बँकेतली बचत अडकली. एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ उड्डाणं करून अम्मानमार्गे एक लाखाच्या वर माणसं मुंबईत आणली. बहुतेकांच्या हातात एक बॅग होती. नुकसानभरपाई आली, पण काही वर्षांनी.

आता पैशाने नाही, नियमाने कुटुंब कसं तुटतं तेही ऐका. सौदीने जुलै २०१७ पासून सोबत राहणाऱ्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल फी लावली. दरवर्षी १०० ने वाढवत २०२० मध्ये ती ४०० झाली. बायको आणि दोन पोरं धरली तर वर्षाचे १४,४०० रियाल, म्हणजे तेव्हाचे पावणेतीन लाखांच्या वर. अनेकांनी बायकापोरांना परत पाठवलं आणि स्वतः पुन्हा बॅचलर झाले.

अमिरातीत कुटुंबाचा व्हिसा काढायला २०१९ च्या नियमाने पगार ४००० दिरहम हवा, किंवा ३००० आणि राहायची सोय. म्हणजे आपल्या भावाचा पगार नेमका उंबरठ्यावर आहे. व्हिसा निघेल. पण ४००० ला दिरहमच्या भावाने गुणून खूश होऊ नका, कारण ते गुणणं फक्त घरी पाठवलेल्या पैशाला लागू. आयकर नाही हे खरं. पण दुबईत वर्षभराच्या भाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यायची पद्धत आहे. कोणी एक मागतो, कोणी चार. वर भाड्याच्या ५ टक्के पालिकेची फी, वीज-पाण्याच्या बिलातून. पोरीसाठी फुकट सरकारी शाळा जवळपास नाहीच. भारतीय शाळा भरपूर, दुबईतली इंडियन हायस्कूल तर १९६१ पासूनची, पण फी भरावी लागते.

तेव्हा कंपनीला पगार सोडून तीनच गोष्टी लेखी विचारा: घर कोण देणार, कुटुंबाचा आरोग्य विमा कोण भरणार, वर्षाचं तिकीट एकाचं की तिघांचं. घर कंपनीचं असेल तर गणित बदलतं. नसेल तर चेक सही करायच्या आधी खात्यात पैसे असतील का ते बघा. तिकडे चेक परत गेला की थेट फौजदारी व्हायची, त्यात ढिलाई आली ती २०२२ च्या जानेवारीत, आणि तीही पूर्ण नाही.