साहेबाची फर्द आणि तांड्याची बोली

मानोरा हे आज वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव; परंतु दूरच्या लोकांना त्याचे नाव ठाऊक असते ते त्याच तालुक्यातील पोहरादेवीमुळे, कारण तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे आणि रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्राबरोबरच तेलंगण-कर्नाटकातील बंजारा समाजही तेथे लोटतो. या यात्रेत कानी पडणारी गोरमाटी बोली इंग्रज सरकारच्या दप्तरात दाखल झाली ती मोठ्या चमत्कारिक वाटेने: रोजच्या व्यवहारातील म्हणून निवडलेल्या इंग्रजी शब्दांचा आणि वाक्यांचा तर्जुमा करून घेण्याच्या वाटेने.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अंमलाखाली आले, आणि पुढे वाशीम, मंगरूळ व पुसद हे तीन तालुके मिळून जो वाशीम जिल्हा झाला, तो १९०५ साली मोडून पहिले दोन तालुके अकोल्यात व तिसरा यवतमाळात गेला. या मुलुखात बंजाऱ्यांचे तांडे विपुल. फौजांना आणि बाजारपेठांना बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ पोहोचविणे हा ज्यांचा पिढीजात धंदा, त्यांच्या हातून तो १८६७ मध्ये आगगाडी नागपुरापर्यंत पोहोचल्यावर झपाट्याने सुटत गेला; आणि धंदा सुटलेल्या, एका ठिकाणी न राहणाऱ्या माणसाकडे सरकार ज्या नजरेने पाहते, त्या नजरेचा दाखला हवा असल्यास एवढेच पाहावे की वऱ्हाडातील बंजाऱ्यांविषयीचा, १८८२ मध्ये पुनर्मुद्रित झालेला प्रबंध लिहिणारे कंबरलेज हे पोलीस खात्यातील अंमलदार होते.

त्यानंतर आली भाषांची पाहणी. १८८६ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेत तिची मागणी झाली आणि जॉर्ज ग्रियर्सन यांच्या देखरेखीखाली ती सिद्धीस गेली. प्रत्येक बोलीचे नमुने ठरलेले होते: बायबलातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचा तर्जुमा (हिंदी लोकांच्या भावना दुखावू नयेत म्हणून त्यातील काही शब्द बदललेले), त्या बोलीतीलच एखादी कथा वा गीत, आणि २४१ शब्द-वाक्यांची एक फर्द. ही फर्द मुळात सर जॉर्ज कॅम्पबेल यांनी १८६६ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीसाठी तयार केली होती. हेच गृहस्थ दुसऱ्या वर्षी मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होऊन नागपुरास आले, म्हणजे आपले शेजारीच.

फर्दीचा आरंभ निरुपद्रवी आहे. एक ते दहा, मी, तू, हात, पाय, नाक, बाप, आई, सूर्य, चंद्र. पशूंमध्ये घोडा, गाय, कुत्रा, गाढव, एवढेच काय, उंटही आहे. मात्र ज्याच्या पाठीवर बंजाऱ्याचा अवघा संसार चालला, तो बैल वळूच्या रूपाने येतो आणि तोही केवळ नर-मादी व एकवचन-अनेकवचन यांचा भेद दाखविण्यापुरता. मीठ नाही, धान्य नाही, गोण नाही. पुढे क्रियापदाची रूपे सुरू होतात, आणि आदर्श म्हणून निवडलेले क्रियापद आहे ‘मारणे’: मी मारतो, तू मारतोस, मी मारले होते, मला मारतात. ग्रीक व्याकरणाच्या शालेय पुस्तकांतही याच अर्थाच्या धातूची रूपे घोकून घेत असत, तेव्हा एकट्या कॅम्पबेल साहेबांना बोल लावणे न्यायाचे होणार नाही. परंतु शेवटची वाक्ये वाचताना मात्र कचेरीचा वास लपत नाही. तुझे नाव काय? हा घोडा किती वर्षांचा? इथून काश्मीर किती दूर आहे? त्याच्या मुलाला मी पुष्कळ फटके मारले. त्याला चांगला मार आणि दोरांनी बांध. माझ्यापुढे चाल. ते तू कोणाकडून विकत घेतलेस?

त्याच शतकात पॅरिसला निघालेल्या इंग्रज प्रवाशाच्या खिशातही मरे या प्रकाशकाची संभाषण-पुस्तिका असे, आणि तीतही रोजच्या इंग्रजी वाक्यांचा फ्रेंच तर्जुमा असे. पण तेथील साहेब पाहुणा होता, त्याला खोली हवी असे, न्याहारी हवी असे, आणि फ्रेंच माणसाने आपले म्हणणे समजून घ्यावे म्हणून तो अदबीने बोले. वऱ्हाडातल्या साहेबाला अशी गरज नव्हती. दोन्ही याद्या ‘नित्य व्यवहाराच्या’ म्हणविल्या, तरी नित्य व्यवहार कोणाचा, हा प्रश्न मंगरूळच्या तहसिलीत कोणी विचारला असता असे मला वाटत नाही.

असे असूनही फर्द वाया गेली नाही, हे कबूल केले पाहिजे. गोरमाटीत दोनला ‘दी’ म्हणतात, आईला ‘याडी’; नाव विचारायचे तर ‘तारो नाम कांई छ?’ असे विचारतात. हा ‘छ’, हा ‘तारो’ ऐकताच जाणकाराच्या लक्षात येते की या बोलीचे माहेर मराठी वा तेलुगू मुलुखात नसून पश्चिम राजपुतान्याकडे आहे. ग्रियर्सन यांनी नेमका हाच निष्कर्ष काढला. आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाहणीच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात पंजाब व गुजरात सोडून इतर प्रांतांतील लभाणी म्हणजे बंजारी बोलीचे प्रमाण रूप म्हणून वऱ्हाडचीच बोली धरली. पोलिसी चौकशीला शोभणाऱ्या प्रश्नांच्या उत्तरांतून एका समाजाच्या शेकडो कोसांच्या स्थलांतराची साक्ष अशी हाती लागावी, हा विनोदच म्हणायचा.

मराठीचे नशीब जरा निराळे. झूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने तिच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, तिच्या घरगुती शब्दांचे अर्थ फ्रेंचमध्ये दिले, आणि १९४१ मध्ये वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो ग्रंथ मराठीत आणला. ब्लॉक यांना मराठीचे शतकानुशतकांचे लिखित वाङ्मय उपलब्ध होते. तांड्याजवळ लिपी नव्हती, म्हणून त्याच्या वाट्याला फर्द आली. १९३६ मध्ये बळीराम पाटील यांनी गोर बंजारा लोकांचा इतिहास लिहिला तोही मराठीत. त्या २४१ कलमांत ज्यांना जागा मिळाली नाही ते बैल, त्या गोणी आणि त्या वाटा शोधायच्या असतील, तर होळीच्या दिवसांत मानोऱ्याच्या आसपासच्या एखाद्या तांड्यावर जाऊन लेंगी गाणाऱ्यांच्या शेजारी बसावे, आणि अर्थ विचारायचा तो नायकाच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांना.