ऱ्हाईनकांठच्या मधमाश्या

पीक फुलोऱ्यांत असतां फवारणी करूं नये, हा नियम आपण ऐकतों. परंतु २००८ च्या वसंतांत जर्मनींतील ऱ्हाईनच्या खोऱ्यांत फवारणीवांचूनच अनर्थ ओढवला. मुळें खाणाऱ्या किडीसाठीं मक्याच्या बियाण्यास क्लोथियानिडिनचा लेप दिला होता. तो नीट चिकटला नव्हता. पेरणीयंत्राच्या हवेनें त्याची धूळ शेजारच्या फुलांवर बसली, आणि मधमाश्यांच्या ११,००० हून अधिक वसाहतींस बाधा झाली. दोष एकट्या विषाचा नव्हे, हयगयीचाहि होता. युरोपीय संघानें २०१३ मध्यें या वर्गांतील तीन औषधांवर निर्बंध घातले. २०१८ मध्यें उघड्या शेतांतील त्यांचा वापर बंद ठरविला. माशीवांचून सफरचंद नीट धरत नाहीं. तेव्हां बीं पेरतांनाच तिची आठवण ठेवणें, हा आमच्या मतें भूतदयेपेक्षां व्यवहाराचाच प्रश्न आहे.