तळटीप : वुडवर्ड यांचा आदर्श ग्राहक

* ‘आदर्श ग्राहक’ : ही कल्पना फिलिप वुडवर्ड यांची. इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील सरकारी रडार-संशोधन संस्थेतल्या या गणितज्ञाने १९५३ साली संभाव्यता, माहिती-सिद्धांत आणि रडार यांवर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. या विषयात शिरणाऱ्याने आजही तेच आधी वाचावे. क्लॉड शॅनन यांचा सिद्धांत तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता आणि तो संदेशवहनासाठी मांडलेला होता. रडारला मात्र कोणी संदेश पाठवत नाही. आपणच सोडलेल्या स्पंदाचा क्षीण प्रतिध्वनी गोंगाटातून ओळखायचा असतो. वुडवर्ड यांचे म्हणणे असे, की ‘विमान आहे’ किंवा ‘नाही’ हा निकाल ग्राहकाने देऊच नये. हाती आलेल्या लहरीवरून कोणत्या अंतराची संभाव्यता किती, एवढेच त्याने सांगावे. त्याहून अधिक माहिती त्या लहरीत नसते, आणि निकालाची घाई केली तर आहे तीही वाया जाते. या गणितातून सोडलेल्या स्पंदाशी जुळणारा गाळक निघतो. अमेरिकेत डी. ओ. नॉर्थ १९४३ मध्ये वेगळ्या वाटेने तिथेच पोहोचले होते. लक्ष्य सापडणे अवलंबून असते ते प्रतिध्वनीतील एकूण ऊर्जा आणि गोंगाटाची घनता यांच्या गुणोत्तरावर. अंतराची अचूकता मात्र पट्टरुंदीवरही ठरते. त्यामुळे वारंवारता बदलत नेलेला लांब स्पंदही अंतर नेमके सांगू शकतो. मूळ मजकुरातील ‘स्पंद आखूडच हवा’ हे विधान साध्या, एकाच वारंवारतेच्या स्पंदापुरते खरे मानावे. — संपादक