ग्रंथांची देवघेव आणि घाटाखालचा वाचक

जुन्या हस्तलिखित पोथ्यांच्या अखेरीस लेखनिकाने पोथीच्याच तोंडी घातलेली एक विनवणी पुष्कळदा आढळते. तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून मला जपा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका, असा तिचा आशय असतो. ग्रंथ उसना देण्याविषयीच्या आपल्याकडील अगदी जुन्या लेखी नियमांत या विनवणीची गणना करावयास आमच्या मते हरकत नाही. हा नियम नकाराचा आहे यात नवल नाही. एकेक पोथी उतरावयास महिनेच्या महिने लागत. ती गेली म्हणजे केवळ वस्तू जात नसे, एक पाठच नाहीसा होई. परंतु त्या विनवणीत एक सवड ठेवलेली आहे, तिकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मूर्खाच्या हाती देऊ नका असे पोथी म्हणते. कोणाच्याच हाती देऊ नका असे ती म्हणत नाही. मग शहाणा कोणास म्हणावे, आणि त्याची साक्ष कोणी द्यावी? ग्रंथालयांनी परस्परांस ग्रंथ देण्याचे जे नियम झाले, त्यांचा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास होय.

पुण्यामुंबईच्या वाचकास हा प्रश्न फारसा जाचत नाही. तो जाचतो मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्यासारख्या गावी. कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या सडकेवर, नाणेघाटाच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल याच वाटेने घाट चढून जुन्नरास जाई. माथ्यावरील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख असून यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नाणी यांची मोजदाद त्यात आकड्यांनिशी कोरलेली आहे. जवळचा दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरागत समजूत आहे. ती खरी असो वा नसो, तिच्यात एक मर्म आहे. अनोळखी व्यापाऱ्याचा माल घाट ओलांडतो तो त्याच्या ओळखीच्या जोरावर नव्हे, तर सर्वांस ठाऊक असलेल्या नियमाच्या जोरावर. ग्रंथांना मात्र अशी राजरोस वाट मिळावयास फार उशीर लागला.

ठाणे जिल्ह्यापुरते पाहिले तर घाटाखाली ग्रंथांची वाण होती असे नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली निघाले. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे व त्यांचे सहकारी यांनी १८९३ साली ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिले, आणि पाचच वर्षांनी मुंबईतही मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. अशा संस्था लोकांच्या वर्गणीवर चालत, आणि वर्गणीदार व अनामत ही त्यांच्या देवघेवीची दोन चाके होती. ज्याने अनामत ठेवली व ज्याचा पत्ता गावात आहे तो शहाणा, अशी येथे शहाणपणाची व्यवहारी व्याख्या झाली. ती त्या काळी योग्यच होती. पैशावाचून संस्था जगत नाहीत. परंतु या व्याख्येने वैशाखऱ्याचा वाचक कायमचा वेशीबाहेर राहिला. त्याच्यापाशी बुद्धी असेल, जिज्ञासा असेल. ठाण्यातला पत्ता कोठून असणार?

पत्त्याची अडचण ओलांडण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्याकडे झाला तो छापील पुस्तकांत नव्हे, पोथ्यांतच. मुंबई सरकारने १८६६ च्या सुमारास ब्यूलर, कीलहॉर्न यांच्या देखरेखीने संस्कृत पोथ्या जमविण्यास आरंभ केला. पुढे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी तो संग्रह फार वाढविला. तो डेक्कन कॉलेजात होता, तेथून १९१८ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आला. या संग्रहातील पोथ्या करारपत्र लिहून घेऊन बाहेरगावच्या अभ्यासकांस उसन्या देत. पुढे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ साली हाती घेतले, तेव्हा हाच व्यवहार उलट दिशेने करावा लागला. ठिकठिकाणच्या पोथ्या पुण्यास मागवावयाच्या होत्या, आणि सर्वच पोथ्यांना प्रवास घडविणे शक्य नव्हते. तेव्हा तंजावरचे सरस्वती महाल व शांतिनिकेतनची विश्वभारती येथे पाठ ताडून पाहण्याची केंद्रे उघडून तेथील पोथ्यांचे पाठभेद तेवढे पुण्यास आणविले. ग्रंथ हलत नसेल तर ग्रंथातील मजकूर हलवावा, हा धडा त्यातून मिळतो. १९६६ साली ते प्रचंड कार्य पूर्ण झाले, त्याच्या मुळाशी संस्था-संस्थांमधील असा विश्वास होता.

परदेशांतही याच सुमारास विचार पालटत होता. अमेरिकेत वूस्टरचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ साली, ग्रंथालयांनी एकमेकांस पुस्तके उसनी द्यावीत, अशी सूचना ग्रंथपालांच्या नियतकालिकातून केली. तिचे रीतसर नियमावलीत रूपांतर व्हावयास १९१७ साल उजाडले. म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ गेला. लंडनात १९१६ साली कामकरी विद्यार्थ्यांसाठी निघालेले एक लहानसे मध्यवर्ती ग्रंथालय पुढे राष्ट्रीय मध्यवर्ती ग्रंथालय झाले, आणि एका ग्रंथालयाची मागणी दुसऱ्याकडे पोचविणे हेच त्याचे मुख्य काम ठरले. या सर्वांतून एक सिद्धान्त निघाला: ग्रंथ वाचकास द्यावयाचा नाही, वाचकाच्या ग्रंथालयास द्यावयाचा, आणि हानी झाल्यास मागणाऱ्या ग्रंथालयाने भरून द्यावयाची. पोथीच्या प्रश्नास येथे उत्तर मिळाले. शहाणपणाची साक्ष आता संस्था देते. अनामतीची जागा संस्थेच्या शब्दाने घेतली.

आपल्या बाजूस हे तत्त्व सर्वांत धीटपणे आचरणात आणले ते सयाजीराव गायकवाडांनी. त्यांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणून मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी केली, आणि पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी धाडण्याची योजना सुरू केली. पेटीच्या वाहतुकीचा भार संस्थान सोशी. ग्रामग्रंथालयासाठी गावाने जितकी रक्कम जमवावी तितकीच प्रांताने व तितकीच सरकारने घालावी, असा नियम होता. गावास भिकारी न करता भागीदार करण्याची ही युक्ती आम्हांस फार मोलाची वाटते. मुंबई इलाख्यात १९३९ साली असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९४० च्या तिच्या अहवालात मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत उतरत जाणारी ग्रंथालयांची साखळी सुचविलेली होती. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, आणि महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ साली झाला. या कायद्याने हजारो ग्रंथालयांस अनुदान व प्रतवारी लाभली. पण प्रतवारीने कड्या घडतात. त्या एकीत एक गुंतविण्याचे काम देवघेवीचे नियमच करतात.

ते नियम कशाचे करावयाचे? पाच प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवली की पुरे. काय द्यावयाचे व काय नाही; किती दिवस व किती प्रती; वाहतुकीचा खर्च कोणाचा; फाटल्या-हरवल्याची जोखीम कोणाची; आणि मागणी प्रथम कोणाकडे न्यावयाची. शेवटचा प्रश्न क्षुल्लक दिसतो, पण घोटाळा तेथेच होतो. सर्व मागण्या एकाच मोठ्या ग्रंथालयावर कोसळल्या तर ते कंटाळून दार लावून घेते. म्हणून आधी जवळच्या, मग दूरच्या, आणि पाळीपाळीने, असा क्रम लावणे शहाणपणाचे. १९८८ साली दिल्लीत सुरू झालेल्या डेलनेटसारख्या जाळ्यांनी सभासद ग्रंथालयांत अशी देवघेव चालविली आहे, आणि अलीकडे हा क्रम संगणकात भरून ठेवता येतो. परंतु संगणक केवळ सांगितलेले नियम पाळतो. काय द्यावे हे माणसांनीच ठरवावे लागते. उत्तरही ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच असावे असे नाही. ‘देतो, पण ग्रंथालयातच बसून वाचावे’, ‘मूळ प्रत नाही, हव्या त्या पानांची छायाप्रत देतो’, असे सशर्त उत्तर हेच बहुधा सर्वांत उपयोगी ठरते.

यावर एक रास्त आक्षेप येतो. लहान ग्रंथालयाने आपली एकुलती एक प्रत बाहेर धाडली, आणि त्याच आठवड्यात त्याच्याच सभासदाने ती मागितली तर? वर्गणी भरणाऱ्याने रिकाम्या हाताने परतावे काय? आम्ही या आक्षेपास उडवून लावणार नाही. स्वतःच्या सभासदास अग्रहक्क ठेवावा, चालू वाचनाच्या कादंबऱ्या देवघेवीतून वगळाव्या, मुदत आखूड ठेवावी. मात्र अपवाद नियमाच्या पोटात असावेत. अपवादालाच नियम म्हणू नये. शिवाय देणारा उद्या मागणाराही असतो. घाटाखालच्या गावी जुनी दफ्तरे, स्थानिक कीर्तनकारांच्या वह्या, वारली व महादेव कोळी समाजांविषयीच्या नोंदी मिळू शकतील. त्या पाहावयास एखादे दिवशी मुंबईलाच हात पसरावा लागेल.

मुंबईस हात पसरण्याची सवय नाही असेही नाही. शेजारच्या शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबई पीत आहे. भातसाही त्याच तालुक्यातील. हे पाणी कोणाच्या उदारपणावर शहरात येत नाही. नळ आहेत, करार आहेत, मोजमाप आहे, म्हणून ते रोज येते. डोंगरातून शहराकडे इतकी बिनचूक वाट ज्यांनी बांधली, त्यांना शहरातून डोंगराकडे एका पुस्तकाची वाट बांधता येणार नाही असे कोण म्हणेल? वैशाखऱ्याच्या वाचकास कोणाची दया नको आहे. त्याच्या वतीने एका ग्रंथालयाने दुसऱ्यास दिलेला शब्द, आणि तो शब्द पाळला जाईल असा लिहिलेला नियम, एवढेच त्याचे मागणे आहे; आणि ते रास्त आहे.