आकाशवाणीने नाकारलेले गाणे

1972 चे साल. निलंगा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. पाऊस रुसला, विहिरी आटल्या आणि माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडू लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनच्या बिनाका गीतमालेत पहिल्या क्रमांकावर विराजमान झाले ते ‘दम मारो दम’!

या गाण्याचा जन्म मुंबईचा; बीज मात्र काठमांडूचे. तेथे हिप्पींचे तांडे पाहून देव आनंद यांना ‘हरे रामा हरे कृष्णा’ची कथा सुचली. चित्रपट आला 1971 मध्ये. शब्द आनंद बक्षींचे, चाल राहुलदेव बर्मन यांची, गिटार भूपिंदर सिंग यांची आणि आवाज मास्टर दीनानाथांच्या कन्येचा, आशा भोसले यांचा! नाट्यसंगीताच्या घरातल्या गळ्याने ही धुंदी लीलया पेलली.

गाणे चित्रपटालाच झाकोळील, या धास्तीने देवसाहेबांनी पडद्यावर त्याचा थोडाच भाग ठेवला, असे सांगतात. आकाशवाणीने तर दारच लावून घेतले. गंमत पाहा, चित्रपट व्यसनाविरुद्ध बोलत होता आणि बंदी आली त्यातल्या गाण्यावर! पण ध्वनिलहरींना सरहद्द कुठली? सिलोनवरून ते घरोघर पोहोचले. आशाबाईंना त्यासाठी फिल्मफेअर पारितोषिक लाभले. 2005 मध्ये क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन वादकांसह त्यांनी ते नव्याने गायिले.

वडीलधाऱ्यांची काळजी खोटी नव्हती. पण माणसाने काय ऐकावे हे फर्मानाने ठरत नाही. शिवार कोरडे पडले होते, तरी कान कोरडे राहिले नाहीत, हेच खरे!