छायाचित्रनोंद
छायाचित्रनोंद : छायाचित्र केव्हा व कोणत्या साधनाने घेतले हे सांगणारी, चित्रासोबत जतन केलेली माहिती (मेटाडेटा). अंकीय कॅमेरा ती १९९५ च्या एक्झिफ या जपानी मानकानुसार फाइलमध्येच भरतो. संवेदकाचे मूळ संकेत साठविणाऱ्या रॉ फाइलची रचना मात्र उत्पादकागणिक भिन्न व बहुधा अप्रकाशित असते. तीत फेरफार केल्यास अंतर्गत स्थाननिर्देश बिघडून काही नोंदी दुर्वाच्य होण्याचा संभव असतो. म्हणून दुरुस्ती शेजारच्या स्वतंत्र एक्सएमपी फाइलमध्ये लिहिण्याचा प्रघात २००१ नंतर पडला.

मूळ न बदलता वाचन सुधारण्याची ही शिस्त पुराभिलेखविद्येत जुनीच आहे. ठाणे जिल्ह्यात कल्याणनजीक असलेल्या अंबरनाथ मंदिराची छायाचित्रे १८६८ च्या सुमारास शासकीय पाहणीत घेतली गेली. तेथील उत्तरद्वाराच्या तुळईवरील लेखाचे वर्ष भाऊ दाजी लाड यांनी शके ७८२ असे वाचले, भगवानलाल इंद्रजी यांनी ते ९८२ (इ. स. १०६०) ठरविले. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी घटले व ते शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात आले. शिळेवरील अक्षरे होती तशीच राहिली. अंकीय चित्रांतही कालनिर्णयाची अडचण आहेच : एक्झिफमध्ये प्रमाणवेळेचा फरक नोंदविण्याची सोय २०१६ मध्ये झाली, तत्पूर्वीच्या चित्रातील वेळ भारतीय की परदेशी, हे केवळ तिच्यावरून कळत नाही.