दिवसांचा हिशेब आणि न्यायासन
आमच्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणून मोकळ्या होत. न्यायाधीशास मात्र दिवस मोजावे लागतात. 1921 साली इंग्लंडात गॅस्किल नावाच्या गृहस्थाने पत्नीवर व्यभिचाराचा आरोप ठेवला. पुरावा एकच: पती परदेशी गेल्यावर 331 दिवसांनी मूल जन्मले. एवढा काळ अशक्यच, असे वैद्यांना म्हणवेना. लॉर्ड बर्कनहेड यांनी अर्ज फेटाळला, पत्नीची अब्रू राहिली. 1949 मध्ये, हॅडलम खटल्यात, 349 दिवसही चालून गेले! पुढे प्रेस्टन-जोन्स खटल्यात उमरावसभेने 360 दिवस मात्र अमान्य केले. आमच्या 1872 च्या पुरावा कायद्याने, माझ्या मते, अधिक शहाणपण दाखविले. विवाह संपल्यापासून 280 दिवसांत, आई अविवाहित असता, जन्मलेले मूल औरसच. पतिपत्नींचा संबंध आलाच नव्हता असे सिद्ध झाले तरच अपवाद. 2023 च्या नव्या कायद्याने हा आकडा तसाच ठेवला. आम्हां सरकारी नोकरांना आकडा म्हणजे भिंतच वाटते. परंतु 281 व्या दिवशी जन्मलेल्या मुलास हा कायदा अनौरस म्हणत नाही.